बर्फाच्या रेघेखालचं हिरवं

रेनो,

करवत मी लपवून ठेवली आहे, शोधत बसू नकोस. आपल्या लेकानं, ईरोनं, घर सोडण्याआधी लावलेलं स्प्रूसचं झाड मेलेलं नाही.

सकाळी बर्फ ओसरलेला बघितला. बर्फ होता तिथपर्यंत झाड हिरवंगार, वर सगळं तपकिरी, मध्ये आखल्यासारखी सरळ रेघ! थंडीनं नाही, उन्हानं जळलंय ते. वर मार्चचं ऊन पानांतलं पाणी ओढत होतं आणि खाली जमीन गोठलेली, मुळांना घोटभर मिळेना. ऊन येतं दक्षिणेकडून आणि तू गोणपाट बांधलंस उत्तरेला! जन्म गेला ना रे इथे?

तपकिरी फांदी नखानं खरवडली. आत ओलं, हिरवं! टोकांना कळ्याही आहेत. इतके महिने तहानलेलं झाड, रेनो.

त्याला दोन बादल्या पाणी घाल, हळूहळू. ईरोला वाफ घ्यायला सॉना तापवून ठेव. मी ईरोला आणायला बसथांब्यावर चाललेय. तू म्हणालास तसंच मी त्याला कळवलं होतं, झाड मेलं म्हणून. तेवढं ऐकून तो निघाला.

जिवंत आहे हे मी सांगणार नाही. ऑक्टोबरपासून तुम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलला नाहीत. तू त्याच्याशी पहिला शब्द हाच बोल.

आयली