तिसरी किटली

अप्पा,

पाणी उकळलेलं होतं. पन्नासहून जास्त वर्षं हे वाक्य मी तोंडात धरून बसले आहे. तुम्ही होतात तोवर बोलायची सोय नव्हती, आपल्या घरात मुलींनी उलट बोलायचं नसे. तुम्ही गेल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही. आज मात्र तुमची रायफल माझ्या मांडीवर आहे, परवान्यावर माझं नाव आहे आणि माझा उजवा खांदा ठणकतो आहे. तेव्हा आज मी बोलणार, तुम्ही ऐकून घ्यायचं.

यशवंतपूरच्या घराचं मागचं अंगण आठवतं का? आठवड्याचे सहा दिवस तुम्ही कारखान्यात फिटर. रविवारी तिथं गोणपाट अंथरून बसायचात, आणि शिवाजीनगरच्या बंदुकीच्या दुकानातून दुरुस्तीला आलेल्या जुन्या लष्करी रायफली तुमच्या पुढ्यात. लष्करातून बाद झालेल्या, ग्रीसमध्ये बुचकळून पेट्यांत पडून राहिलेल्या. बोल्ट काढून हातात घेतलात की तुमचा चेहरा बदलायचा. घरात आमच्याशी चार शब्द न बोलणारा माणूस त्या लोखंडाशी पुटपुटत बसलेला असे. अण्णा तुमचा थोरला, पण त्याला त्यात गोडी नव्हती, त्याला फक्त नेम धरायचा होता. लाकूड घासायला मी. "लाकूड मेलेलं नाही, उपाशी आहे, त्याला जेवू घाल," म्हणून तुम्ही मला पहिला दस्ता दिलात, तुमच्या स्वतःच्या रायफलीचा. तळहातावर जवसाचं तेल घेऊन तो महिनाभर चोळला तेव्हा आतून लाल रंग वर आला. तुम्ही तो उजेडात फिरवून पाहिलात, कानडीत "सरी," म्हणालात, बरं जमलं, आणि दस्त्याच्या पोटात शिपाई तेल ठेवायचे ती पितळेची कुपी काढून माझ्या हातावर ठेवलीत. लग्नात तुम्ही मला बांगड्या घातल्यात. त्या मोडल्या, गेल्या. कुपी माझ्या देव्हाऱ्यात आहे. समईत तेल अजून तिच्यातूनच घालते.

तुमची स्वतःची रायफल ती एकच होती. बाद मालातून घेतलेली, नागरी परवान्यात बसावी म्हणून नळी बदललेली. त्या नळीसाठी तुम्ही दुकानात किती खेटे घातलेत ते मला ठाऊक आहे. भुईमूग भरायला आला की गावाकडच्या आत्याचा निरोप यायचा, रानडुकरं शेत उकरतायत, या. तुम्ही आणि अण्णा जायचात. मला शिकार कधी दिसली नाही, मला दिसायचं ते अंगणात येऊन पडलेलं डुक्कर, आणि पाट्याशी बसलेली, मसाला वाटून घामाघूम झालेली आई. ज्या डुकरावरून हे सारं झालं ते आलं त्या दिवशी सोमवार होता, तुमची रजा आणि माझा उपास. मी मांसाला शिवले नाही. पण रायफलीचं पाणी माझं काम, त्याला उपासाची सूट नव्हती.

नियम तुम्हीच शिकवलेला. काडतुसात एक मीठ असतं, बार उडाला की ते नळीत बसतं आणि लोखंड खायला लागतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून बोल्ट काढायचा, नरसाळं लावायचं आणि तीन किटल्या उकळतं पाणी नळीतून सोडायचं. नुसतं गरम चालायचं नाही, खळखळ हवं. उकळतं असलं की नळीच इतकी तापते की पाणी आपलं आपण सुकतं. मग तेलाचं कापड. मी बंबात लाकडं सारली, किटल्या भरल्या, ओतल्या. अण्णानं कापड ओढलं. रायफल कपाटात गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आयुधपूजा. सकाळपासून झेंडू, कोहळा, कुंकू. तुमच्या कारखान्यातली माणसं आलेली, आत्या आलेली. पूजेआधी तुम्ही नळी खिडकीकडे धरून आत डोळा लावलात आणि तसेच उभे राहिलात. आत खड्डे. देव्हाऱ्याच्या फळ्यांना वाळवी लागावी तसे, बारीक, काळे. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही सगळ्यांसमोर अगदी हळू म्हणालात, "कोमट पाणी दिलंस. दोन लाकडं वाचवलीस आणि माझी नळी खाल्लीस." मी म्हटलं, "नाही अप्पा." तुम्ही आत्याकडे वळून म्हणालात, "हिच्या हाताला गंज आहे." बस. त्यानंतर मला गोणपाटावर बसू दिलं नाहीत. एकही दस्ता माझ्या हाती आला नाही. मॅट्रिक झाले, लग्न ठरलं, आणि आत्यानं ते वाक्य थट्टेनं सासरीसुद्धा पोचवलं. पोळी करपली की सासूबाई म्हणायच्या, हाताला गंज ना.

तुम्हाला माझ्यावर संशय आला, कारण घरातल्या लाकडांची, तेलाची, साबणाची वही माझ्याकडे होती. आईला लिहिता येत नव्हतं, तुम्हीच ती वही मला दिलीत. काटकसर तुम्हीच शिकवलीत आणि तिचाच आळ माझ्यावर घातलात. हे बरोबर नव्हतं. मोठे होतात, वडील होतात, तरी बरोबर नव्हतं.

पुढं शिकारबंदी आली. बरं झालं, मला त्याचं दुःख नाही. तुमचे हात कापायला लागले, दुरुस्तीही सुटली. तुमच्या पश्चात परवाना अण्णाच्या नावावर झाला आणि रायफल शिवाजीनगरच्या दुकानात जमा राहिली. मागच्या वर्षी अण्णाचा फोन आला. "अक्का, मला आता ही झेंगटं झेपत नाहीत. पोलीस ठाण्यात देऊन टाकतो. ते वितळवून टाकतील." मी त्याच्याहून लहान, तरी पन्नाशीनंतर तो मला अक्काच म्हणतो. मी म्हटलं, "मला दे."

"तुला? तू काय करणार, पापड वाळत घालणार तिच्यावर?"

"घालीन. तुझ्यासारखी भट्टीत तरी घालणार नाही."

मुलगा तर घाबरलाच. त्याच्याकडेच राहते मी, बेळ्ळंदूरला, चौदाव्या मजल्यावर. "आई, रोज दोन तास पूजा करतेस तू. आणि बंदूक?" मी त्याला देव्हाऱ्यापुढे उभं केलं. "देवीच्या आठ हातांकडे बघ. त्यात लाटणं कुठंय?" तो म्हणाला, "पण असोसिएशनवाले काय म्हणतील?" म्हटलं, "त्यांना सांग, तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यापेक्षा गप्प असते." तो हसला, आणि तिथं तो हरला.

मग अर्ज, डॉक्टरचा दाखला, रायफल क्लबात प्रशिक्षण. सगळे कागद मी स्वतः भरले, मॅट्रिकच्या अक्षरात. ठाण्यातला हवालदार माझे पांढरे केस बघून म्हणाला, "अम्मा, यार मेले सिट्टु?" कुणावर राग काढायचाय, असं विचारत होता. मी म्हटलं, "अप्पन मेले." अप्पांवर. तो खदाखदा हसला आणि फाईल पुढं सरकवली. कन्नडमध्ये 'मेले' म्हणजे 'वर', आणि आपल्या घरातल्या मराठीत काय ते तुम्हाला माहीत आहे. दोन्ही भाषांत मी खरंच बोलले.

दुकानात ताबा घ्यायला अण्णा आला होता, काठी टेकत. त्यानं नाहरकतीवर सही केली. दुकानदारानं नळी दिव्याकडे धरून आम्हाला दाखवली, "स्वल्प खड्डे आहेत, जुनेच आहेत." अण्णानं वाकून पाहिलं, आणि सहज, पानाला चुना लावावा इतक्या सहज म्हणाला, "हे माझे."

"काय तुझे?"

"अगं, त्या डुकराच्या दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर गेल्यावर मी आणि माझा मित्र तळ्याकडे घेऊन गेलो होतो. दोन बार उडवले. कापडानं पुसली आणि ठेवली. पाणी कोण मागणार? तू शाळेत होतीस."

"अण्णा, मला बोलणी बसली तेव्हा तू तिथं होतास. कोहळा तुझ्या हातात होता."

"होतो की." काठी दुसऱ्या हातात घेत म्हणाला, "घाबरलो होतो गं. मला मारलं असतं. तुला नुसतं बोलले."

नुसतं बोलले. पंच्याहत्तरीच्या माणसाला भर दुकानात काय म्हणणार? बाहेर आल्यावर त्याला रिक्षात बसवलं, गुडघ्यावर काठी नीट ठेवली आणि सांगितलं, "आयुधपूजेला माझ्याकडे यायचं. आणि सगळ्यांसमोर हे बोलायचं." तो बरं म्हणाला. बोलतो की नाही ते बघू. नाही बोलला तर मी बोलेन.

आज सकाळी क्लबात पाच बार उडवले. सतरंजीवर पालथी झोपून, पदर कमरेला खोचून. शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. पहिल्या बारानं खांद्याला असा धक्का दिला की देवाचं नाव तोंडातून अर्धंच निघालं. पाचातला एक कागदाच्या काळ्या वर्तुळात लागला. निशाणाचा तो कागद मी मागून आणला आहे. मुलगी म्हणाली, "आता काडतुसं वेगळी आहेत अम्मा, पाण्याची गरज नाही." मी म्हटलं, "मला आहे."

घरी येऊन गॅसवर किटली ठेवली. मी, जी दूध उतू जायच्या आधी आच बारीक करते, तिनं आज ज्योत मोठीच ठेवली. झाकण थडथडायला लागलं तरी काढली नाही. नरसाळ्यातून तिन्ही किटल्या सोडल्या, खळखळत्या. नळी हाताला चटका देण्याइतकी तापली आणि डोळ्यांदेखत सुकली. मग तेलाचं कापड. मग तळहातावर जवसाचं तेल घेऊन दस्ता. उपाशी होता. लाल रंग अजून आहे, अप्पा, तुमच्या "सरी"च्या खालीच होता. या हाताला गंज नाही. कधीच नव्हता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. दस्त्याच्या पोटात कुपीची जागा रिकामी आहे, घडी करून तिथं सरकवणार आहे, म्हणजे तुमच्याच घरात राहील. पण झाकण लावण्याआधी एक गोष्ट लिहून टाकते, कारण आज तिसरी किटली ओतताना पाण्याचा आवाज ऐकला, आणि आठवलं की त्या दिवशी तिसऱ्या किटलीला आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीला पुरावं म्हणून मी बंबातलं एक लाकूड ओढून घेतलं होतं. एकच. पहिल्या दोन उकळलेल्या होत्या, हे देवापुढे सांगते.

तिसरी उकळलेली नव्हती. पण गरम होती, अप्पा. चांगली गरम होती.