बाबांच्या तळहाताची प्लेट

५ जुलै
बाबांनी पुन्हा उघड्या हातानेच बेडूक धरला! मी दिलेले निळे हातमोजे तसेच खिशात. म्हणे, "बेडकाले धराले मोजे कायले वं? मी का डाक्टर हाय?"
आता बेडकाच्या कातडीवरचे जिवाणू कोणते नि बाबांच्या हातावरचे कोणते, कसं कळणार? बेडकाच्या पोटावरून कापसाची काडी फिरवली. मग दुसरी बाबांच्या तळहातावरून — त्यांचे ते वजा करता यावेत म्हणून. त्यांना गुदगुल्या झाल्या. आई बोडीच्या, म्हणजे आमच्या शेततळ्याच्या, पाळीवरून (बांधावरून) ओरडली, "हात तरी धुवा आधी! पोरीची इज्जत जाईन कालेजात!"
मी किंचाळलेच — धुवू नका!

९ जुलै, गोंदिया
बेडकाच्या काडीवरचे जिवाणू वाढवलेल्या प्लेटवर जांभळे ठिपके. त्यांच्या भोवती बुरशी वाढतच नाही! माझ्यासोबत काम करणारी रुचिका प्रयोगशाळेत नाचली. "तेरी तो निकल पडी!"
मग बाबांच्या तळहाताची प्लेट पाहिली. तिच्यावरही जांभळे.
बेडकाने बाबांना दिले, की बाबांनी बेडकाला? रुचिका म्हणाली, "फेंक दे वो प्लेट. किसको पता चलेगा?" मला कळेल ना! प्रकल्पाच्या मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच बोडीतला, कुणाचा हात न लागलेला बेडूक आण. तोवर काही लिहू नकोस.
बाबांना फोन केला. हात न लागलेला बेडूक हवाय, रविवारी येते, तोवर बेडकांना उघडा हात लावू नका. "बरं बाई. नाही लावत."

११ जुलै
बाबा गेले. बोडीच्या पाळीवर साप चावला. दवाखान्यात नेलं, पण —

१७ जुलै
बेडूक तिथे साप. हे मला बाबांनीच शिकवलं, शाळेत जायच्या आधी. मग अंधार पडताना ते पाळीवर का गेले?
आईला विचारलं. "धानाले पानी सोडाले गेलते. तुया बेडकाईचं काई नाई त्याच्यात." माझ्याकडे न बघता बोलली. पुन्हा विचारलं.
"कितीदा विचारशीन वं?"
धानाला पाणी. बरं.

२४ जुलै, गोंदिया
बाबांचा जलदान विधी झाला. परत आले.
जुन्या प्लेट वाफेच्या यंत्रात घालून मारायच्या, असा नियम आहे. बेडकाची घातली. बाबांची हातात घेतली. ठिपके पसरलेत. म्हणजे जिवंत आहेत. बाबा नाहीत, आणि हे —
परत फ्रीजमध्ये ठेवली. मॅडमनी पाहिलं. फ्रीजचं दार त्यांनीच लावलं.

२ ऑगस्ट
घरी. चुन्नीलालकाका आले होते. त्यांनीच त्या दिवशी बाबांना गाडीवर घालून नेलं होतं. चहा पिता पिता म्हणाले, "नर्सबाईनं सुई लावाले हात मागतला, तं हातात मोजे! निळे. दोन्ही हातात. मीच ओढून काढले."
आई उठून आत गेली.