फाटक, दुपारी तीन

रत्नागिरी,
सोमवार, ता. १३ मे १९८५

तीर्थस्वरूप रावजीमामांच्या चरणी भाचा शिवा याचा नमस्कार. तुम्ही स्वतःच पोस्टात असल्यामुळे तो वेळेवर पोचेल याबद्दल मला शंका नाही. मामींचा गुडघा आता कसा आहे? कपिला व्याली का? आणि तुमच्या उजव्या हाताला शिक्के मारून मुंग्या येत होत्या, त्या थांबल्या का? (कोंडसावळ्याच्या पोस्टात दिवसाला दहा-अकरा पत्रं येतात, तेवढ्यांनी हाताला मुंग्या कशा येतील, असं देवरुखचा डॉक्टर म्हणाला होता. त्याचं ऐकू नका. दिवसभर एकटं बसून काम करणाऱ्या माणसाला काहीही होऊ शकतं, हे मला हल्ली पटलंय.)

पत्र लिहिण्याचं कारण असं, की मी सध्या मास्तर आहे. मामींना एकदम सांगू नका, त्यांना आधी बसू द्या. विद्यापीठाने या सुट्टीत खेड्यापाड्यातल्या नववी पास मुलांसाठी इथे तीन आठवड्यांचा शास्त्राचा उन्हाळी वर्ग काढला आहे. मुलं चोवीस, आणि दर आठ मुलांमागे एक 'मार्गदर्शक', म्हणजे कॉलेजात शिकणारा कोणीतरी. त्यातल्या एकाला कावीळ झाली, आणि इथला शिपाई सहदेव, जो आपल्याच बाजूचा, त्याने माझं नाव पुढे केलं. अर्जात 'शिक्षण' म्हणून रकाना होता. मी 'शास्त्र शाखा, दुसरं वर्ष' असं लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. दुसऱ्या वर्षाचं पुढे काय झालं, असा रकानाच नव्हता. वर्गाचे प्रमुख शेट्येसर यांनी तो अर्ज वाचून 'छान' म्हटलं. मोठी माणसं फार विचारत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

कॉलेज सोडल्याची हकिगत तुम्हाला दादांनी मुंबईहून कळवली असेल. ती चूक आहे. खरी अशी, की तुमच्या शेजारच्या सोनूबाईंची नंदा माझ्याच वर्गात होती, आणि एके दिवशी प्रयोगशाळेत तिच्या हातून काचेची नळी फुटली. शिकवणारा हसला. मी उभा राहिलो आणि त्याला म्हटलं की स्टँड सैल आहे, तो गेली दोन वर्षं सैल आहे, आणि जिथे स्टँड नीट नाहीत तिथे मुलींना हसण्याचा कोणाला अधिकार नाही. त्याने मला बस म्हटलं. मी बसण्याऐवजी माझी प्रयोगवही खिडकीतून बाहेर फेकली. (खाली प्राचार्यांची स्कूटर होती, आणि स्कूटरवर प्राचार्य होते, हे मला नंतर कळलं.) माफी माग म्हणाले. मी म्हटलं, या पायरीवर पुन्हा पाऊल ठेवणार नाही. हे सगळं नंदाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासारखं होतं असं मला अजूनही वाटतं. ती फाटकाशी भेटली तेव्हा म्हणाली, "तुम्हाला मध्ये पडायला कोणी सांगितलं होतं? माझाच हात घसरला होता." मग तिने तो प्रयोग पुन्हा केला आणि वर्षाअखेर पहिल्या वर्गात पास झाली. मी मात्र शब्दाचा पक्का. पायरी चढलो नाही. आज दीड वर्ष झालं, अजून मला कोणी बोलवायला आलेलं नाही. दादांनी तर तेव्हापासून पोटच्या पोराला पत्रसुद्धा बंद केलंय, आणि आईला लिहिता येत नाही हे तुम्ही जाणताच. (तुमचीच बहीण.)

असो. इथे माझं काम असं की मुलांना निरीक्षण शिकवायचं. प्रत्येकाने एकच गोष्ट घ्यायची, रोज त्याच वेळेला बघायची आणि पंधरा दिवस वहीत मांडायची. मी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं की डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं, मनचं घालायचं नाही, आणि अनुमान तर मुळीच काढायचं नाही, ते आम्ही शिकलेली माणसं काढू. महिपत नावाच्या पोराने डोंगळे घेतले. (त्याची नोंद: 'आज डोंगळे आले नाहीत. मीही फार थांबलो नाही.') बुरोंडीची तुळसा म्हणून एक मुलगी आहे, बाप मासेमारीच्या मचव्यावर जातो, ती स्वतः बोलते कमी आणि बघते फार. तिने वहीवर विषय लिहिला, 'फाटक, दुपारी तीन'. फाटकाशी क्रोटनची झाडं आहेत, मला वाटलं त्यांचं काहीतरी असेल. मी सही करून टाकली.

आता तीन वाजता फाटकाशी काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको, कारण तुमच्याच खात्याचा माणूस येतो. मुलांची पत्रं वाटायचं काम मी आपणहून मागून घेतलं होतं. कोणाच्या घरून आंबोशी वाळत घातल्याची बातमी, कोणाच्या आजोबांचा आशीर्वाद. महिपतला तर त्याच्या चुलत्याने नुसतं 'पाऊस नाही' एवढंच लिहून कार्ड पाठवलं होतं, तेही त्याने चारदा वाचलं. मी गठ्ठा हातात घेऊन सगळा चाळायचो आणि वाटून मोकळा व्हायचो. माझी वाट पाहण्याची गोष्ट वेगळी होती, ती खाली लिहितो. पण पोरं बघत असतात, मामा. एकाने विचारलंच, सर, तुमचं नाय आलं? शेवटी मी गेल्या गुरुवारी डाव्या हाताने स्वतःला एक कार्ड लिहिलं आणि एस. टी. स्टँडजवळच्या पेटीत टाकलं. शुक्रवारी ते आलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, अरे वा, देवरुखच्या मित्राचं दिसतंय.

काल रविवारी संध्याकाळी मी वह्या तपासायला बसलो. तुळसाच्या वहीतल्या काही नोंदी जशाच्या तशा उतरवून देतो:

'दि. ४. पोस्टमन ३ वाजून १० मिनिटांनी आला. सर त्याआधी आले होते. पत्रे ९. सरांचे नाही. सर म्हणाले, फार उकडते.

दि. ५. रविवार. पोस्टमन येत नाही. सर तरीही उभे होते.

दि. ८. पत्रे ४. सरांचे नाही. सहदेवदादांनी सरांना विचारले, कॉलेजात परत कधी जाणार. सरांनी क्रोटनचे पान तोडले. एकूण तोडलेली पाने आतापर्यंत ६.

दि. १०. सरांना कार्ड आले. सर म्हणाले देवरुखचे. शिक्का रत्नागिरीचा. शाई जांभळी, सरांच्या पेनात असते तशी. सरांनी ते वाचले नाही, तसेच खिशात घातले. ज्याला पत्र येते तो आधी वाचतो. अनुमान काढायचे नाही असे सरांनी सांगितले आहे, म्हणून काढत नाही.'

माझं डोकं किती लवकर तापतं हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि विचारलं की माणसांचं निरीक्षण करायला तुला कोणी सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत सर, जे रोज त्याच टायमाला दिसतं ते घ्या. डोंगळे कधी येतात, कधी नाय. तुम्ही रोज येता." मी म्हटलं, फाड ती पानं. ती म्हणाली, "एक फाडलं की शिवणीतून समोरचं पण निघेल सर." मग मी वही हिसकावून घेतली, नको ते बोललो, आणि वसतिगृहामागच्या कातळावर जाऊन बसलो. तिथे बसून ठरवलं की हाही वर्ग सोडायचा. ठरवायला मला वेळ लागत नाही. बसलो तेव्हा कातळ तापलेला होता, तो गार होत आला तरी मी बसूनच होतो.

आणि मग ती आली. लांबच उभी राहिली. "सर, यमुनाबाईंनी भात वाढलाय, गार होतोय. आणि वही द्या, उद्याचं लिहायचं हाय." मामा, दीड वर्षात मला बोलवायला कोणी आलं ते हे पहिलंच. (वहीसाठी आली होती, हे मला कळतं. पण भाताचं आधी बोलली.) मी उठून गेलो. वही दिली.

खरी अडचण यापुढेच आहे. शनिवारी चार वाजता समारंभ आहे. शेट्येसर सगळ्या वह्या वाचणार आणि ज्याची वही उत्तम ठरेल त्याला विद्यापीठ दहावीपुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणार. तुळसाचा बाप दहावीनंतर तिला शिकवणार नाही, हे तिने एकदा खाली मान घालून सांगितलंय. आणि चोवीस वह्यांत तिच्या वहीच्या जवळ येणारी दुसरी वही नाही. ती पुढे गेली की आठ तारखेची नोंदही पुढे जाणार, आणि कॉलेजात परत कधी जाणार याचा अर्थ शेट्येसरांना अनुमान न काढताही कळेल. मी आज सकाळी वहीवर लाल शाईने 'उत्तम, एकही शब्द बदलू नये' असं लिहून सही केली. सही करण्याआधी मी पेन दोनदा झटकलं, ते तिने बघितलं. नोंद झाली असणार.

तेव्हा तुम्हाला विनंती एवढीच. मी वीस एप्रिलला नंदाला इथला पत्ता घालून एक पत्र टाकलं होतं. ते तुमच्याच हातून गेलं असेल. ते तिला पोचलं का, आणि तिने उलट काही टाकलं का, एवढं बघून कळवावं. तुम्ही दुसऱ्याचं पत्र उघडत नाही हे मला ठाऊक आहे, मी नुसतं पाकिटाबद्दल विचारतोय.

मामींना नमस्कार, कपिलेला वैरण, आणि तुमच्या हाताला आराम मिळो.

तुमचा भाचा,
शिवा

ता. क. नंदाचं काही विचारू नका. पत्र तिला पोचलं होतं. तिचं उत्तर वर्ग सुरू व्हायच्या आधीच, एप्रिल सरता सरता, आलं. दोन ओळी आहेत. 'पत्र मिळाले. असे पत्र पुन्हा पाठवू नये. उन्हाचे दिवस आहेत, तब्येतीस जपावे.' तरी मी रोज फाटकाशी जातो, कारण जी मुलगी तब्येतीस जपावे असं लिहिते ती आणखीही काही लिहील, असं मी अनुमान काढलं होतं. ते चुकलं.

ता. क. २. खरी विनंती ही. तुम्ही आयुष्यभर इतक्यांची पत्रं पोचवलीत, पण तुम्ही स्वतः कोणाला लिहिल्याचं मी ऐकलं नाही. मला एक लिहा. काहीही लिहा, कपिलेचं लिहा, किंवा नुसतं 'पाऊस नाही' लिहा. गुरुवारच्या थैलीत पडलं तर शनिवारी तीनला इथे येईल. फाटकाशी तुळसाची शेवटची नोंद आहे, आणि पंधरा दिवसांत एकदा तरी काहीतरी खरं घडावं. हे मी वहीच्या भल्यासाठी सांगतोय. शिक्का कोंडसावळ्याचा, आणि ठसा नीट उठू द्या, ती तो आधी बघते. वाचेन मी तिथेच उभा राहून.