मालिनीसाठी आवाज पूर्ण

२ फेब्रुवारी १९८६, रविवार
बेळगावला कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलात मालिनी आणि मी एकच पाव चहात बुडवून खायचो. कडा तिला, मऊ भाग मला. ती इतकं हळू बोलायची की मी सारखी म्हणायचे, अगं, मोठ्याने बोल ना. आज उगाच आठवलं.

उगाच कसं? आजच तर तिचं बोलणं इथे दापोलीत पोचायचं होतं. ती म्हैसूरला. संधिवातामुळे पेन धरवत नाही, टाईप जमतं. दर रविवारी दुपारी ती आपल्या हॅम, म्हणजे परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्या मंडळींशी रेडिओवर टाईप करून बोलते. मला परवाना नाही, मी नुसतं ऐकायचं. तिचं टाईप रेडिओत किणकिण होऊन येतं, ती वायरने कॉम्प्युटरला दिली की टीव्हीवर इंग्रजी अक्षरं उमटतात. आमच्या मुलाने मुंबईहून आणून सगळं जोडून दिलं. आवाज बेताने ठेव, म्हणाला.

टीव्हीवर आलं: QXZZ WPPK VVV. अजून लाजते. आवाज थोडा वाढवला.

तिला पत्रात लिहिलं, अक्षर न् अक्षर मिळालं. पुढच्या रविवारी मिळेलच. मग खोटं कसलं?

९ फेब्रुवारी, रविवार
आवाज आणखी वाढवला. अक्षरं भरपूर. प्रगती. अर्थ लागत नाही, तो भाग निराळा.

ह्यांनी विचारलं, काय म्हणते मैत्रीण? म्हटलं, सगळे मजेत. माणसं बहुतेक मजेतच असतात. पत्रात लिहिलं, बातमी कळली, फार आनंद झाला, राजाभाऊंचं अभिनंदन. नवऱ्याचं अभिनंदन कुठल्याही बायकोला आवडतं.

जेवण गेलं नाही. उकाडा.

१९ फेब्रुवारी, बुधवार
राजाभाऊंचं पोस्टकार्ड. 'कुसुमवहिनी, अभिनंदन पोचलं. न्हाणीघरात पडून माझा पाय मोडला, त्याबद्दल असावं. मालिनीने रेडिओवर तेच सांगितलं होतं. आपलं पत्र वाचून ती हसली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.'

पुन्हा वाचलं, हे कशाला लिहायचं?

सोलकढीत दोनदा मीठ पडलं. खरं लिहायला बसले. पण खरं कळलं तर तिला वाटेल, आपण इतके दिवस भिंतीशी बोललो. ते दुःख तिला नको. लिहिलं, अभिनंदन त्यांच्या धीराबद्दल होतं.

निश्चय: येत्या रविवारी आवाज पूर्ण. तिचा एक शब्द सांडू द्यायचा नाही.

२३ फेब्रुवारी
पूर्ण. शेजारच्या मथुराकाकू येऊन विचारून गेल्या, पिठाची गिरणी घातलीत की काय? हे म्हणाले, आवाज कमी कर. हे मलाही तेच सांगतात, म्हणून लक्ष दिलं नाही.

टीव्हीवर ओळीच्या ओळी कचरा. दोष व्होल्टेजचा. पत्र टाकलं नाही. काय लिहू? 'फार आनंद झाला' दोनदा चालत नाही.

२ मार्च, रविवार
जेवल्यावर हे आडवे झाले, किणकिणीने लगेच उठले. मला न विचारता रेडिओच्या आवाजाची खुंटी बरीच खाली पिळली. म्हणाले, "अगं, तिला बोलू दे की जरा."

भांडायला तोंड उघडलं आणि टीव्हीवर अक्षरं नीट लागली. मालिनीच. शब्द न् शब्द. म्हणजे इतके रविवार मीच आवाज चढवून तिचा चेंदामेंदा करत होते. ह्यांच्याकडे बघितलं. परत आडवे होऊन घोरत होते.

ती मुंबईला मुलाच्या फ्लॅटवर चालली. तिथे एरियलला जागा नाही. आजचा शेवटचा रविवार. हे तिने मागच्या वेळीच सांगितलं होतं म्हणे, आणि कुसुमचं पत्र आलं नाही.

मग तिच्या रेडिओ-सामानाची हॅम मंडळींत वाटणी. तिच्याच शब्दांत उतरवून घेतली ती अशी:

सेट विमलाला, तिचा फार खरखरतो. एरियलची तार हरिश्चंद्रला. त्याला नको असेल तर कमळाला, कपडे वाळत घालायला. कीबोर्ड कुणालाच नाही, तो मी नेणार.

कुसुमला माझी उरलेली अंतर्देशीय पत्रं. जे कळलं नाही ते तिने त्यात विचारावं. उत्तर राजाभाऊ लिहितील, त्यांचा हात शाबूत आहे.