वकिलाचं ऑपरेशन

३ मार्च, मंगळवार

चावला. शेवटी चावलाच! जावयाच्या मनगटाला. दोन खड्डे आणि थोडं रक्त. पण घरात गोंधळ असा, जणू वाघ शिरला. मुलगी रडली. सहावा महिना आहे, रडू लगेच येतं तिला. जावई मात्र शांत. "काही नाही हो आई, साबणाने धुतो." पंधरा मिनिटं हात नळाखाली धरून उभे, मग सुई घ्यायला दवाखान्यात. चावल्यावर इतकं शांत कोण राहतं?

मी तिथेच होते, सोफ्यावर, वकिलाला खेटून. ते म्हणतात, फक्त रिमोट घ्यायला वाकलो. मला नाही पटलं. साडेपाच वर्षांचा झाला वकील. भुंकतो, प्रत्येक गोष्टीला हरकत घेतो, म्हणून तर नाव वकील. पण दात कधी कुणाला लावला नव्हता. कुत्र्याला माणूस कळतो म्हणतात, ते काही उगाच नाही.

५ मार्च

त्यांच्या घराचं छत गळतंय म्हणून दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते दोघं. पाच झाले! मुलगी घरात आहे याचं सुख आहेच, ते नाकारत नाही. पण जावयाने स्वयंपाकघरातली फळी बदलली, बाहेरची कडी बदलली. मला न विचारता! पुढे काय काय बदलायचा बेत आहे, देव जाणे.

आज मुलीने सांगून टाकलं. "आई, बाळ यायच्या आत वकील सुधारला नाही, तर एक तर तो जाईल, नाही तर आम्ही." शब्द तिचे, पण पढवलेलं कुणी ते मला कळतं. आणि "जाईल" म्हणजे कुठे? चावरा कुत्रा कोण घेतो? त्याला एकच सुई मिळते, शेवटची.

वकील माझ्या पायाशी झोपलाय. दोघांपैकी एक निवडायचं म्हणजे काय? मला जमणार नाही.

७ मार्च, शनिवार

जनावरांची डॉक्टर शोधली. कुणी? जावयांनी!

बाई तरुण आहे, पण बोलते मोजकं. मी विचारलं, "ऑपरेशन केलं की शांत होईल ना?" म्हणाली, "काही बाबतींत. दुसऱ्या नरांशी मारामाऱ्या, घराबाहेर पळणं, जागोजागी पाय वर करणं, हे बऱ्याच जणांचं कमी होतं. भीतीपोटी गुरगुरत असेल तर नाही. कधीकधी वाढतंसुद्धा. आणि हा आता मोठा आहे, सवय मुरलेली."

मग करायचं कशाला? असं मी म्हणणार, तेवढ्यात जावई म्हणाले, "करू या डॉक्टर. जेवढा फरक पडेल तेवढा." घाई बघा! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

डॉक्टरने नोंदी ठेवायला सांगितल्या. केव्हा गुरगुरला, कुणावर, आधी काय झालं. म्हटलं, बाई, योग्य माणसाला सांगितलंत. बावीस वर्षं गिरणीत कापड तपासतेय मी. काचेच्या टेबलाखाली दिवा, वरून ठाण सरकत जातं, आणि गाठ, तुटका धागा, तेलाचा डाग माझ्या नजरेतून सुटत नाही. दिसला दोष की किनारीला लाल बाण.

८ मार्च

तक्ता तयार. तारीख, वेळ, समोर कोण, काय चाललं होतं, दोष किती. दोषाला एक ते चार गुण, गिरणीतल्यासारखेच. नुसतं रोखून बघणं एक, गुरगुर दोन, दात दाखवणं तीन, चावणं चार. मनगटाचे चार आधीच लिहून टाकले.

शेजारचे मास्तर कुंपणावरून डोकावले. "अहो, खच्ची केला की बैल नाही का गरीब होत!" त्यांची बायको आतून ओरडली, "मग तुम्ही कधी होणार?" खूप दिवसांनी हसले मी.

१४ मार्च, शनिवार

झालं ऑपरेशन. दोन तास बाकावर बसून होते. काय काय मनात आलं! उठलाच नाही तर? कुणाच्या सांगण्यावरून मी त्याला इथे आणलं?

जावयांनी त्याला चादरीत गुंडाळून गाडीपर्यंत उचलून नेलं. वाटेत वकिलाने त्यांचा हात चाटला. तोच, चावलेला. मुलीने माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे. गुंगीत होता तो. गुंगीत कोण कुणाचं काय चाटेल, त्याचा काय भरवसा.

१५ मार्च

गळ्यात प्लास्टिकचा भोंगा, टाके चाटू नयेत म्हणून. त्यातून हरकती घेतो, आवाज दुप्पट!

३१ मार्च

भोंगा निघाला. टाके सुकले. डॉक्टर म्हणाली होती लगेच फरक धरू नका, अंगातलं नरपण उतरायला आठवडे लागतात. तरी फरक आहे, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यावरचा तपकिरी कुत्रा, ज्याच्याशी रोज कोर्टकचेरी, त्याच्यासमोरून आज मान खाली घालून गेला. स्वयंपाकघराच्या दाराशी पाय वर करणं बंद. फाटक उघडं राहिलं तरी पळाला नाही.

पण जावई? सोळा दिवसांत नऊ नोंदी. सगळ्या माझ्या डोळ्यांदेखत, ऐकीव एकही नाही. ते पेपर घ्यायला उठले, दोन. मला चहा द्यायला आले, तीन! चहा देणाऱ्यावर दात. म्हणजे मारामारीचा दोष गेला आणि हा राहिला. याचा अर्थ हा अंगातला नाहीच, याला कारण आहे. माझ्यामागे हा माणूस कुत्र्याला काहीतरी करतो.

मुलीला बोलले नाही. पुरावा हवा.

१२ एप्रिल, रविवार

आज मैत्रिणीकडे जाते म्हणून निघाले आणि अर्ध्या तासात परत. मागच्या दाराने. चप्पल हातात. स्वतःच्या घरात चोरासारखी! लाज वाटली, पण गेले.

जावई फरशीवर बसलेले, वकिलाकडे पाठ करून. हातात बिस्किट. तुकडा मोडायचे आणि मागे न बघता टाकायचे. वकील त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकलेला. लाच! राजरोस लाच!

माझा पाय लाकडी पाटावर पडला. वकील मला बघून ताडकन उठला, माझ्याकडे आला, आणि तिथूनच वळून त्यांच्यावर गुरगुरला. मला बघून धीर आला बिचाऱ्याला. आणखी एक नोंद, दोन गुण.

जावई उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "आई, आज इतका जवळ आला होता तो." डोळे भरले होते की काय? नाटक चांगलं येतं.

१३ एप्रिल

मुलगी बोलत नाही माझ्याशी. वरच्या खोलीत खोके भरायला काढलेत. बाळाचे छोटे कपडे सर्वांत वर.

१८ एप्रिल, शनिवार

तक्ता घेऊन डॉक्टरकडे. वकील आणि मी, दोघंच गेलो मुद्दाम. तिने वरपासून खालपर्यंत वाचला. म्हणाली, "फार नीट ठेवलाय." मी खूश.

"प्रत्येक नोंदीत समोर जावई."

"तेच म्हणतेय मी!"

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"म्हणजे?"

"प्रत्येक वेळी. तुमचा रकाना दिसत नाही."

आता तपासणारीचा रकाना कुठल्या तक्त्यात असतो? गिरणीत कधी नव्हता. सांगितलं तसं. तिने वकिलाचे कान बघितले, पाय दाबून बघितले, कुठे दुखतंय का ते. मग विचारते, "तुम्ही चार दिवस कुठे बाहेर जाणार आहात का?" हा काय प्रश्न झाला! आणि नेमकं मंगळवारी गिरणीने मला दुसऱ्या शहरात पाठवायचं ठरवलंय, माल तपासायला. हिला कुणी सांगितलं? मी तर नाही.

"वा," म्हणाली. "तक्ता मुलीकडे देऊन जा."

२१ एप्रिल, मंगळवार

गेस्ट हाउस. निघताना वकील फाटकाशी. मुलीला दहा सूचना दिल्या. तिने हो-हो केलं. जावई बॅग उचलायला आले, मी उचलू दिली नाही.

२२ एप्रिल

आठशे मीटर तपासलं. लक्ष नाही. एक गाठ सुटली, सुपरवायझरने दाखवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२४ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी फोन. मुलगी म्हणे, "आई, एकही नाही."

"काय एकही नाही?"

"नोंद. चार दिवस तक्ता कोरा आहे. काल ह्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपला."

मी विचारलं, गोळ्या दिल्यात का काही? मग म्हणाली, "आई, तू ना..." आणि ठेवला.

कोरा तक्ता मी आयुष्यात पाहिला नाही. जिथे एकही दोष नाही तिथे नजर कुणाची तरी कच्ची असते. नाही तर कुत्रा गुंगीत आहे. उद्या जाऊन आधी त्याचे डोळे बघायचे.

२५ एप्रिल, शनिवार

डोळे लख्ख. गोळ्या नाहीत.

दारात पाऊल टाकलं तेव्हा वकील खरंच जावयाच्या पायांवर होता. मला बघून नाचला, चाटलं, मग माझ्या गुडघ्यांपुढे आडवा उभा राहिला आणि त्यांच्यावर गुरगुरला. मी बाहेर सरले. गप्प झाला. आत आले. गुरगुर. बाहेर. गप्प. तीनदा करून पाहिलं.

उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. प्रत्येक नोंदीच्या वेळी मी तिथे होते, फक्त तक्त्यात नव्हते. रडले. जावई दारापर्यंत आले. म्हणाले, "आई, आत या ना. हळूहळू करू आपण." मी दाराशी टांगलेली वकिलाची साखळी त्यांच्या हातात दिली.