वळणावर उचललेला पाय

दादा,

सापडलास! आपल्या रेसिंग गेमच्या नव्या भागात ट्रॅक काढून मोकळं शहर दिलंय, म्हणून चाहत्यांच्या ग्रुपवर 'जुनाब्रेक' नावाचा एकजण महिनाभर माझ्याशी भांडतोय. मी कोण, हे त्याला ठाऊक नाही. आज त्यानं लिहिलं, "वळणावर डावा पाय आपोआप उचलला गेला नाही, तर तो गेम कसला, बिनडोक?" मी खुर्चीतून उडालेच! हातानं खेळताना पाय उचलणारा वेडा जगात एकच.

घर सोडल्यापासून तीन वर्षांत तुझा एक शब्द नाही, आणि आता रोज पानभर भांडतोस! हे पत्र पाठवलं, तर ओशाळून पुन्हा गप्प होशील. खरं सांगू? मलाही जुनाच गेम आवडतो. पण उद्या सकाळी नव्याची बाजू घेऊन तुला डिवचणारच.

तुझीच धाकटी,
बिनडोक