आठ जणांची जागा

२६ मार्च
रेडिओवर सांगितलं, पुढच्या शनिवारी किल्ल्याच्या बागेत साकुरा, म्हणजे चेरीची झाडं, ऐन बहरात. रिटायर होऊन वर्ष झालं, पण ऑफिसच्या फुलं बघायच्या पंगतीसाठी झाडाखाली जागा धरण्यात अजून माझा हात कोणी धरू शकत नाही. ऑफिसची मंडळी माझ्याशिवाय बसणार कुठे? तळ्याकाठी, कचऱ्याच्या पिंपाशेजारी! हागिवाराला, म्हणजे माझ्या खुर्चीवर बसलेल्या नव्या साहेबाला, फोन केला. म्हटलं, जागा मी धरतो, तुम्ही फक्त या. तो म्हणाला, ‘विचार करतो.’ नको असलेल्या सेल्समनला मीही असंच म्हणायचो. पण ते परके. हागिवारा घरचा. म्हणजे होच.

३० मार्च
बायको म्हणते, ‘तुम्हाला बोलावलंय का त्यांनी?’ म्हटलं, यजमानाला कोण बोलावतं? ती चहा ओतायला लागली. पटलं असावं.

३ एप्रिल
निळी ताडपत्री धुतली. पुठ्ठ्यावर ब्रशने लिहिलं, ‘राखीव. आठ जण.’ अक्षर झकास. संकल्प: उद्या जुन्या गोष्टी सांगायच्या नाहीत. फार तर दोन.

४ एप्रिल, सकाळी ६
सगळ्यात मोठ्या झाडाखाली ताडपत्री. चार कोपऱ्यांना दगड. बूट काढून मधोमध बसलो. वा!

११.३०
अजून कोणी नाही. सुट्टी आहे, उठत असतील आरामात. एक म्हातारी आली. म्हणाली, ‘गुडघे धरलेत हो. मुलगा जागा शोधतोय, तोवर कडेला टेकू का?’ पुठ्ठा दाखवला. म्हटलं, आजी, शिस्त म्हणजे शिस्त. ‘चुकलं माझं,’ म्हणून वाकली आणि गेली. जरा वाईट वाटलं. पण एकीला बसवलं की अख्खं गाव बसेल.

२.००
डबा उघडलेला नाही. पाहुण्यांआधी यजमान जेवत नाही. भूक मात्र मरणाची.

३.३०
पाय मोकळे करायला तळ्याकडे गेलो. जायला नको होतं. पिंपाशेजारी हागिवारा आणि ऑफिसची झाडून सगळी मंडळी. मधोमध उशीवर ती म्हातारी. हागिवाराची आई! ती म्हणाली, ‘अरे, हेच ते! यांची माणसं अजून आली नाहीत वाटतं. बोलाव ना बिचाऱ्यांना, आपल्यात जागा आहे.’ सगळे ताडकन उठले, नुसत्या मोज्यांवर, आणि वाकले. हागिवाराचे कान लालभडक. मी म्हणालो, नको नको, आमचे आठ जण वाटेतच आहेत. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

५ एप्रिल
काल घरी सांगितलं, सगळे आले, धमाल झाली. बायकोला किती बरं वाटलं.

आज सकाळी दारात हागिवारा. हातात मिठाईचा खोका. तो तोंड उघडायच्या आत बायको कमरेत वाकली. म्हणाली, ‘काल आमच्या ह्यांना सांभाळून घेतलंत, फार उपकार झाले. वर्षभर याच दिवसाची वाट बघत होते.’

हागिवारा तिच्याहून खाली वाकून म्हणाला, ‘छे हो, त्यांनीच जागा धरली म्हणून तर आम्हाला मोठ्या झाडाखाली बसता आलं.’

मी दाराआड उभा होतो. बाहेर आलो नाही.